छावणी उठल्यानंतरचा इतिहास

कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावाच्या शिवारात १९४३ साली पोलंडच्या निर्वासितांसाठी छावणी उभी राहिली. सोव्हिएत रशियातील हद्दपारीतून सुटून इराणमार्गे आलेली सुमारे ५,००० माणसे तिथे राहिली. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. १९४८ पर्यंत ती निघून गेली. त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी संसार मांडले आणि वसाहतीचे नाव गांधीनगर झाले. पहिली छावणी माणसे गेल्याने संपली. दुसरीतली माणसे मात्र इथलीच झाली.

या दुसऱ्या कहाणीकडे मी वळलो त्याला कारण आमचे सायखेडे. गोदाकाठच्या या गावाला पूर नवा नाही. पाणी ओसरते, पंचनामे होतात, मदत वाटली जाते आणि सरकारदरबारी प्रकरण मिटते. घर सावरायला मात्र पुढे कितीतरी दिवस जातात. निर्वासितांच्या बाबतीत हे ‘पुढे’ पिढ्यान्‌पिढ्या चालते.

गांधीनगरच्या सिंधी कुटुंबांनी कापडाचा व्यापार उभा केला. लग्नाचा बस्ता बांधायला आसपासच्या जिल्ह्यांतली मंडळी तिथे जाऊ लागली. परक्यांची वस्ती आणि स्थानिक गावे यांना भाषणांपेक्षा या देवघेवीने जवळ आणले. शेजारच्या गावांतील तरुणांना दुकानांत, गोदामांत, वाहतुकीत काम मिळाले. पण बाजार उचगाव, गडमुडशिंगीच्या हद्दींपर्यंत पसरला, तसा पाणी, गटारे, रस्ते यांचा भार ग्रामपंचायतींवर आला. निर्वासितांसाठी आखलेल्या योजनेत यजमान गावाच्या या वाढत्या खर्चाचा विचार नसतो.

दुसरा गुंता जमिनीचा. विस्थापितांना भरपाई देण्यासाठी केंद्राने १९५४ साली कायदा केला. २००५ साली तो रद्द झाला. कागदोपत्री पुनर्वसन पूर्ण झाले. तरीही राज्यातील सिंधी वसाहतींमधील अनेक जमिनींची मालकी अनिर्णित राहिली आणि २०२५ साली राज्य सरकारला त्यासाठी अभय योजना आणावी लागली. नागरिकत्व मिळालेल्या, कर भरणाऱ्या माणसांच्या तिसऱ्या पिढीलाही घराच्या कागदासाठी खेटे घालावे लागले.

म्हणून माझ्या मते पुनर्वसन संपले की नाही, हे छावणी बंद झाल्याच्या तारखेवरून ठरवू नये. आलेल्यांच्या हाती घराचा उतारा आणि यजमान गावाच्या हाती पुरेसा निधी, या दोन गोष्टी पोहोचल्यावरच ते संपले म्हणावे.