प्रीप्रोसेसरच्या त्रुटिसूचना : एक ऐतिहासिक विवेचन

प्रोग्रामाची बांधणी करीत असता कंपायलर ज्या ओळीकडे बोट दाखवितो, त्या ओळीत पुष्कळदा दोष आढळतच नाही. हे अभ्यासकाचे अनवधान समजले जाते. वस्तुतः या विसंगतीचे मूळ सी भाषेच्या घडणीत आहे.

बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी रचलेल्या या भाषेत प्रारंभी प्रीप्रोसेसर नव्हता. १९७२-७३ च्या सुमारास अ‍ॅलन स्नायडर यांच्या आग्रहावरून, तसेच बीसीपीएल व पीएल/वन या भाषांतील फाइल-समावेशाची सोय ध्यानी घेऊन, तो जोडण्यात आला. त्याची कामे दोनच होती : दुसरी फाइल जागच्या जागी आणून घालणे आणि एका नावाऐवजी दुसरा मजकूर ठेवणे. माइक लेस्क व त्यानंतर जॉन रायझर यांनी सप्राचल मॅक्रो आणि सशर्त संकलन यांची भर घातली. तरीही काही वर्षे तो ऐच्छिकच राहिला; प्रोग्रामाच्या आरंभी विशिष्ट खूण असेल तरच त्याला पाचारण होई. भाषेच्या व्याकरणाशी त्याचा पुरता मेळ बसला नाही याचे कारण १९९३ मध्ये खुद्द रिची यांनी हेच सांगितले आहे.

या उपरेपणाचा परिणाम सूचनांत उमटतो. हेडर फाइलीतील शेवटच्या 'स्ट्रक्ट' घोषणेनंतरचा अर्धविराम राहून गेला, असे समजा. व्याकरणाशी कर्तव्य नसल्यामुळे प्रीप्रोसेसर तो मजकूर निमूटपणे पुढे धाडतो. कंपायलरपुढे मात्र सर्व फाइली जोडलेला एकच सलग मजकूर येतो, आणि कित्येक कंपायलर आक्षेप घेतात तो पुढील फाइलीच्या पहिल्या निर्दोष शब्दावर! सूचनेत फाइलीचे नाव व ओळीचा क्रमांक मुळात येऊ शकतो, तोही प्रीप्रोसेसरने जोडमजकुरात पेरलेल्या खुणांमुळेच. जीसीसी या कंपायलरच्या सूचनेआधी समाविष्ट फाइलींची जी साखळी छापली जाते, तिच्या अखेरीस मूळ फाइल असते. ही साखळी निरर्थक समजून वगळण्याची विद्यार्थ्यांची सवय घातक होय.

'फाइल सापडली नाही' ही तक्रार मात्र प्रीप्रोसेसरची स्वतःची. तेथे प्रोग्रामापेक्षा शोधमार्गच तपासणे इष्ट. १९८९ च्या अमेरिकन प्रमाणकाने 'एरर' ही आज्ञा आणली. तिच्यातून उमटणारे शब्द यंत्राचे नसून ती फाइल लिहिणाऱ्याचे असतात. म्हणून तिच्याभोवतीची अट वाचल्याविना उलगडा होत नाही. तिचे सौम्य भावंड 'वॉर्निंग' कंपायलरांत दीर्घकाळ रूढ होते, पण सीच्या प्रमाणकात त्याला २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीतच स्थान मिळाले. मॅक्रोच्या विस्तारात दडलेली चूक मूळ स्थळापर्यंत मागे नेऊन दाखविण्याची सोय जीसीसीने २०१३ च्या ४.८ या आवृत्तीपासून आपोआप चालू ठेवली आहे.