हत्याराची पारख

पुण्याच्या बोहरी आळीत पटाशी घ्यायला आलेला जुना सुतार तिची धार आधी नखावर लावून पाहतो, मग टिचकी मारून पात्याचा नाद ऐकतो. करवतीचे पाते वाकवून सोडतो. ते सरळ झाले नाही तर निमूट परत ठेवतो. शिक्क्याकडे त्याचे लक्ष सर्वांत शेवटी जाते. या संशयाला इतिहास आहे, असे आम्हांला वाटते.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा'मध्ये (१९१५) वर्णिलेल्या बलुतेदारीत लोहार शेतीची अवजारे घडवी, झिजलेला फाळ शेवटून देई आणि सुगीला धान्य घेई. घडण कच्ची निघाली तर जाब कोणाला विचारायचा, हा प्रश्नच नव्हता. तो भात्यापाशीच बसलेला असे. (त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा आमचा इरादा नाही. आपल्या श्रमाचे मोल सांगण्याची मुभा लोहाराला तिथे कुठे होती?)

शेफील्डचे पोलाद दुकानांत आले तेव्हा घडवणारा समुद्रापार गेला, त्याच्या जागी शिक्का उरला. शिक्का मात्र कुणालाही मारता येतो. १८८९ साली खोट्या व्यापारी चिन्हांविरुद्ध हिंदुस्थानात कायदा झाला, तो उगाच नव्हे. मग विश्वास ठेवायचा तो दुकानदारावर. "वाईट निघाली तर आणून द्या" असे म्हणणारा, आणि पुढल्या वर्षीही त्याच गादीवर सापडणारा.

सुतार पटाशी नखावर लावतो, तेव्हा असा दुकानदार घाई करत नाही. दुसरी काढून पुढे ठेवतो.