डार्बी आर्बोरेटम : दानातून उभे राहिलेले, तिकिटावर जगलेले उद्यान

इंग्लंडच्या मध्यभागातील डार्बी हे शहर आज रोल्स-रॉइसची विमान-इंजिने आणि रेल्वेगाड्यांचा कारखाना यांसाठी ओळखले जाते. अभियांत्रिकीच्या निमित्ताने तेथे जाणाऱ्यांच्या नजरेतून बहुधा निसटणारे एक स्थळ रेल्वे स्थानकापासून पायी सुमारे वीस मिनिटांवर आहे. ते म्हणजे डार्बी आर्बोरेटम. आर्बोरेटम म्हणजे अभ्यासासाठी जोपासलेला वृक्षसंग्रह. १६ सप्टेंबर १८४० रोजी खुले झालेले हे उद्यान ब्रिटनमधील पहिले सार्वजनिक उद्यान मानले जाते. 'हिस्टॉरिक इंग्लंड'च्या ऐतिहासिक उद्यानांच्या नोंदवहीत त्याला दुसऱ्या श्रेणीतील तारांकित दर्जा आहे.

'पहिले' कोणत्या अर्थाने?

या मानाबाबत दोन दावे केले जातात. मर्सी नदीकाठचे बर्कनहेड पार्क १८४७ मध्ये खुले झाले. ते सार्वजनिक पैशातून उभे राहिले आणि प्रारंभापासून विनामूल्य होते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे एक रचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी १८५० मध्ये ते पाहिले आणि त्यापासून प्रेरणा घेतली. डार्बीचे उद्यान त्याआधीचे. परंतु ते एका धनिकाच्या देणगीतून निर्माण झाले आणि त्याचा दरवाजा सर्वांसाठी रोज उघडा नव्हता. त्यामुळे सार्वजनिक वापरासाठी मुद्दाम आखलेले पहिले उद्यान डार्बीचे, तर सार्वजनिक खर्चाने उभारलेले पहिले बर्कनहेडचे, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

दाता आणि काळ

देणगीदार जोसेफ स्ट्रट हे कापसाच्या गिरण्यांवर संपत्ती मिळवलेल्या घराण्यातील उद्योजक. नगरपालिकांच्या सुधारणेनंतर डार्बीचे पहिले महापौर होण्याचा मान त्यांना मिळाला. तो काळ अस्वस्थतेचा होता. १८३१ मध्ये मताधिकाराच्या प्रश्नावरून शहरात दंगल झाली. १८३३-३४ मध्ये रेशीम गिरण्यांतील कामगार व मालक यांच्यातील संघर्ष अनेक महिने चालला. वाढत्या औद्योगिक शहरांत सामान्यांना मोकळ्या हवेत फिरण्यास जागा उरलेली नाही, याची दखल संसदेच्या समितीने १८३३ मध्येच घेतली होती. ज्यांच्या श्रमांवर आपली संपत्ती उभी राहिली, त्यांच्या कल्याणासाठी तिचा काही अंश द्यावा, अशी भूमिका स्ट्रट यांनी जाहीरपणे मांडली.

अकरा एकरांची रचना

आराखड्याचे काम जॉन क्लॉडियस लाउडन या स्कॉटिश उद्यानतज्ज्ञाकडे सोपवण्यात आले. जागा सुमारे ११ एकर, सपाट आणि बाहेरचे कोणतेही रम्य दृश्य नसलेली. लाउडन यांनी मातीचे लांबट उंचवटे घालून वळणदार वाटा एकमेकींपासून झाकल्या. पलीकडच्या वाटेवरचा माणूस दिसत नसल्याने लहान जागाही विस्तीर्ण भासते. हे उंचवटे आजही पाहता येतात.

झाडांबाबतचा त्यांचा विचार आणखी वेगळा होता. सुमारे हजार प्रकारची झाडे-झुडपे वनस्पतिकुलांच्या क्रमाने लावण्यात आली. प्रत्येक झाड शेजारच्या झाडाला न भिडता पूर्ण वाढावे, एवढे अंतर ठेवण्यात आले. झाडाचे नाव व मूळ देश सांगणाऱ्या पाट्या लावल्या गेल्या आणि माहितीची पुस्तिकाही निघाली. गिरणी कामगाराला फिरता फिरता वनस्पतिशास्त्राची ओळख व्हावी, हा त्यामागील हेतू. कारखान्यांच्या धुरामुळे व काळाच्या ओघात मूळ संग्रहाचा बराच भाग मात्र नाहीसा झाला.

विनामूल्य, पण दोनच दिवस

स्ट्रट यांनी जमीन व बांधणीचा खर्च दिला. देखभालीसाठी निधी मात्र ठेवला नाही. उद्यानाने आपला खर्च आपणच भागवावा, अशी अपेक्षा होती. परिणामी आठवड्यातील पाच दिवस प्रवेशशुल्क आकारले जाई. रविवारी (प्रार्थनेची वेळ वगळून) आणि बुधवारी प्रवेश मोफत असे. रविवार हाच कामगाराच्या सुटीचा दिवस असल्याने ही सवलत मोलाची होती. तरीही एरवी उद्यान पैसे मोजू शकणाऱ्यांचेच राहिले. नव्याने आलेल्या रेल्वेमुळे बाहेरगावचे सहलकरी येऊ लागले आणि त्यांच्या तिकिटांनी तिजोरीला हातभार लावला. रोजचा विनामूल्य प्रवेश १८८२ मध्ये, म्हणजे चार दशकांनंतर सुरू झाला.

काय पाहावे

आर्बोरेटम स्क्वेअरकडील भव्य प्रवेशद्वार नंतरच्या काळातले असून त्यावर स्ट्रट यांचा पुतळा आहे. ग्रोव्ह स्ट्रीट व रोझ हिल स्ट्रीट येथील द्वारपालगृहे मूळ योजनेतील आहेत. आतील प्रसिद्ध शिल्प म्हणजे फ्लॉरेन्समधील रानडुकराची प्रतिकृती. विल्यम कॉफी यांनी घडवलेले मूळ मातीचे शिल्प दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात हानी पावले. आज दिसणारे कांस्यशिल्प २००५ मध्ये, उद्यानाच्या जीर्णोद्धाराच्या काळात बसवण्यात आले.

उद्यानाला लागून असलेल्या नॉर्मंटन भागात दक्षिण आशियाई कुटुंबांची मोठी वस्ती आहे. स्ट्रट यांनी मनात धरलेल्या गिरणी कामगारांच्या जागी आज ही कुटुंबे या वाटांवर फिरताना दिसतात. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाहून डार्बीला रेल्वेने साधारण दीड तास लागतो. प्रवेशास शुल्क नाही. झाडांचे वैविध्य पाहण्यासाठी मे-जून, तर पानांचे रंग पाहण्यासाठी ऑक्टोबर उत्तम.

देखभालीचा प्रश्न अद्याप जुना झालेला नाही. इंग्लंडमध्ये उद्याने राखणे हे स्थानिक परिषदांचे कायदेशीर बंधन नाही. शाळा वा समाजसेवेचा खर्च टाळता येत नाही. उद्यानांचा टाळता येतो. म्हणून तिजोरीवर ताण आला की कात्री प्रथम तेथे लागते. जमीन देणारा दाता एकदाच लागतो, माळ्याचा पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो, हा १८४० मध्ये अनुत्तरित राहिलेला हिशेब आजही तसाच आहे.