श्मश्रूचा साबण : किंमत आणि मोल

श्मश्रूच्या साबणावर मनुष्यानें किती द्रव्य खर्चावें, हा प्रश्न प्रथमदर्शनीं इतका क्षुद्र वाटतो कीं, वाङ्मयीन मासिकाच्या पृष्ठांवर त्यास जागा द्यावी काय, अशी शंका कोणासही यावी. परंतु ज्या वस्तू आपण विचार न करितां नित्य वापरतों, त्यांच्याच पोटांत समाजाचा इतिहास पुष्कळदां दडलेला असतो. सेलूच्या बाजारांत थोडक्या रुपयांत मिळणारी साबणाची वाटोळी वडी आणि लाकडी वाडग्यांत बसवून लंडनहून येणारा चार आंकडी किंमतीचा साबण, हे दोन्ही एकाच कामासाठीं आहेत. त्यांच्यांतील अंतर कशाचें, हें पाहावयाचें झाल्यास साबण मुळींच नव्हता त्या काळापासून आरंभ करणें बरें.

आमच्या नागपूर-वर्ध्याकडे न्हाव्यास म्हाली म्हणतात. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ सालच्या मध्यप्रांतांतील जातींवरील ग्रंथांतही हें नांव आढळतें. म्हाल्याच्या धोकटींत वस्तरा, कातर, चिमटा, नराणी, आरसा आणि पाण्याची वाटी असे, साबण नसे. पाण्याचा हात लावून गाल आंगठ्यानें चोळावयाचे, केंस भिजून मऊ झाले कीं वस्तरा चालवावयाचा, आणि याचा मोबदला सुगीच्या वेळीं वर्षाकाठीं धान्याच्या रूपानें घ्यावयाचा, अशी ही पद्धति होती. सेलूला लागूनच बोर नदीच्या कांठीं केजाजी महाराजांचें घोराड आहे. तेव्हां वारकरी भजन येथील लोकांच्या कानांस नवें नाहीं. सेना न्हाव्यांनीं आपल्या धंद्यावर जें रूपक रचिलें आहे, त्यांत विवेक हा आरसा आहे, वैराग्य हा चिमटा आहे आणि शांति हें पाणी आहे. साबणास कोणत्याही सद्गुणाची उपमा मिळालेली नाहीं. याचें कारण उघड आहे. तो त्या धोकटींतच नव्हता.

रसायनशास्त्राची साक्ष काढली तर ती सेना न्हाव्यांच्याच बाजूची निघते. केंसाचा कठीणपणा पाण्यानें कमी होतो. दाढीचा केंस दोनतीन मिनिटें नीट भिजला म्हणजे तो कापण्यास बरेंच कमी बळ लागतें, आणि पाणी ऊन असल्यास हें काम लवकर होतें. साबणाचें कार्य दुय्यम आहे. केंसावरील तेलकटपणा दूर करून पाण्यास वाट देणें, तें पाणी फेंसाच्या रूपानें गालावर धरून ठेवणें, आणि पात्यास घसरण्यापुरता ओशटपणा देणें, एवढेंच तो करितो. यासाठीं तेलांतील स्टिअरिक आम्लाचा पोटॅशच्या क्षाराशीं संयोग करितात. त्यापासून होणारा फेंस दाट, बारीक आणि लवकर न सुकणारा असतो. सोड्याच्या क्षारानें वडीस कठीणपणा येतो. खोबरेल घातल्यास फेंस झटपट येतो, मात्र तें अधिक झाल्यास कातडी चुरचुरते. ग्लिसरिनानें ओलावा टिकतो. आमच्या काळ्या मातीच्या मुलुखांतील विहिरींचें पाणी बहुधा जड असतें. तें फेंसाचा गाळ करून टाकतें आणि उत्तम साबणाचीही अब्रू घालवितें. अशा ठिकाणीं दोन हजारांच्या साबणापेक्षां तांब्याभर पावसाचें पाणी अधिक उपयोगी पडेल.

मग साबणाची एवढी प्रतिष्ठा कशानें वाढली? वस्तरा परक्याच्या हातांतून स्वतःच्या हातांत आला, म्हणून. निष्णात न्हाव्यास पाणी पुरतें. नवशिक्यास फेंसाचा आधार लागतो. १९०४ सालीं जिलेट यांस अमेरिकेंत सुरक्षित वस्तऱ्याचें पेटंट मिळालें, आणि १९१८ मध्यें अमेरिकन सैन्यासाठीं असे ३५ लाख वस्तरे घेण्यांत आले. युद्धांतून परत आलेला पुरुष आरशापुढें एकटा उभा राहून दाढी करूं लागला. त्याच्याबरोबर साबणाच्या कांड्या, नळ्या आणि डबे यांची बाजारपेठ जगभर पसरली.

आपल्या देशांत या घटनेला आणखी एक अर्थ होता, आणि तो विसरून चालणार नाहीं. न्हाव्याचा हात सर्वांसाठीं नव्हता. सातारच्या आपल्या बालपणाविषयीं डॉ. आंबेडकरांनीं लिहून ठेविलें आहे कीं, गांवांत न्हावी असूनही त्यांचे व भावंडांचे केंस त्यांची थोरली बहीण कापीत असे. प्रिटोरियाच्या इंग्रज न्हाव्यानें गांधीजींस झिडकारलें तेव्हां त्यांनीं यंत्र विकत घेऊन आपले केंस आपणच कापले. मागचा भाग बिघडला आणि न्यायालयांतील मित्रांनीं, उंदरांनीं कुरतडले काय, म्हणून थट्टा केली. परंतु त्या न्हाव्यावर ते रागावले नाहींत. आपणही आपल्या न्हाव्यांस अस्पृश्य बांधवांची सेवा करूं देत नाहीं, त्याचेंच हें फळ होय, असें त्यांनीं आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. याच्या उलट, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेनें १८९० मध्यें मुंबईच्या न्हाव्यांनीं विधवांचें केशवपन करणार नाहीं असा निर्धार केला, हेंही त्याच धोकटीच्या इतिहासांतील एक उज्ज्वल पान आहे. ज्याला न्हाव्याच्या ओट्यावर बसूं दिलें जात नव्हतें, त्याला साध्या साबणाची वडी आणि दोन पाती यांनीं कोणाचेंही तोंड न पाहतां स्वतःचें तोंड स्वच्छ करण्याची सोय दिली. या वडीचें मोल तिच्या छापील किंमतीवरून कसें ठरवावें?

ती वडी कशाची, हाही प्रश्न होताच. विलायती साबणांत जनावरांची चरबी सर्रास असे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास अर्देशीर गोदरेज यांनीं वनस्पतिजन्य तेलांपासून साबण काढला तेव्हां तो धर्माच्या दृष्टीनेंही लोकांस निर्धोक वाटला. पुढें त्या साबणाची शिफारस खुद्द रवींद्रनाथांनीं केली. चरबीचा साबण फेंसास उत्तम, हें मात्र प्रामाणिकपणें मान्य केलें पाहिजे. जुन्या नामांकित साबणांचे भोक्ते त्याच गुणासाठीं आजही पदरचे पैसे मोजतात.

सेलूहून वर्धा जवळच. तेथें मगनवाडींत १९३४ च्या अखेरीस स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचें ठाणें पडलें, आणि जे. सी. कुमाराप्पा यांनीं किंमतीचा प्रश्न अगदीं निराळ्या रीतीनें मांडला. वस्तूस पैशांतील किंमतीखेरीज नैतिक मूल्य असतें, आणि ती कोणत्या स्थितींत बनली याची जबाबदारी विकत घेणाऱ्यावरही येते, असें त्यांचें प्रतिपादन होतें. ही कसोटी लाविली तर महाग साबण आपोआप दोषी ठरत नाहीं, आणि स्वस्त साबणही आपोआप निर्दोष ठरत नाहीं. दिलेले पैसे हातानें काम करणाऱ्यापर्यंत पोहोंचतात, कीं डब्याच्या नक्षींत आणि जाहिरातींत जिरतात, हें पाहावें लागतें.

आतां थोडा हिशेब. समजा, वडी शंभर ग्रॅमची आहे आणि एका वेळीं एक ग्रॅम झिजते. ती पन्नास रुपयांस घेतली तर एका दाढीस अर्धा रुपया पडतो. दोन हजारांस घेतली तर वीस रुपये. महाग वडी चांगली सुकविलेली व दाबून घोटलेली असल्यानें कांहीं अधिक दिवस पुरते, हें खरें. पण चाळीसपट पुरत नाहीं. कातडी नाजूक असल्यास सौम्य साबणासाठीं चार पैसे अधिक देण्यांत शहाणपण आहे. अस्सल चंदनतेल महाग असतें, तेव्हां त्याच्या सुगंधाची किंमतही लबाडीची नव्हे. सकाळचीं पांच मिनिटें त्या सुवासांत घालविण्याची कोणास हौस असेल तर आम्ही त्यास उधळ्या म्हणणार नाहीं. मात्र तो सुगंधाचे पैसे देत आहे, दाढीचे नव्हे, हें त्यानें ओळखावें. आमच्या मतें दाढी सुधारण्यासाठीं पैसे खर्चावयाचेच असतील तर ते प्रथम बऱ्या कुंचल्यावर आणि पात्यावर खर्चावे, आणि पाणी ऊन करावें. शिळें पातें आणि घाई या दोन दोषांवर कोणत्याही दुकानांत साबण मिळत नाहीं.

एक गोष्ट मात्र आम्हांस राहून राहून नवल वाटावयास लाविते. ज्या स्टिअरिक आम्लावर दाढीच्या फेंसाची सारी मदार, तें कोंकणांतील कोकमाच्या बियांच्या तेलांत निम्म्याहून अधिक असतें. हें तेल थिजून घट्ट होतें, आणि त्याचे लहान गोळे हिंवाळ्यांत टाचांच्या भेगांस लावण्यासाठीं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या विकले जात आहेत. अलीकडे परदेशांतील हातबनावटीच्या महाग साबणांच्या वेष्टनांवर, घटकांच्या यादींत, ‘कोकम बटर’ हें नांव वाचावयास मिळतें.