मालदीवची भिंत आणि मॉरिशसची साखर

महागाव तालुक्यात 'पॅकेज' हा शब्द २००६ पासून मराठीच झाला आहे. त्या वर्षी जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. त्यात आपला यवतमाळ जिल्हाही होता. थकीत कर्जावरचे व्याज माफ झाले, सिंचनासाठी पैसा आला, दुभती जनावरे वाटली गेली. तरीही कापूस विकायला निघालेल्या शेतकऱ्याचा प्रश्न तोच राहिला : भाव काय?

मदत आणि भाव यांत नेमका फरक काय, हे समजून घ्यायला हिंदी महासागरातल्या दोन छोट्या देशांचा इतिहास उपयोगी पडतो. मॉरिशसशी आपले नाते भाषेचे आहे. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी आणि आसपासच्या भागांतून गिरमिट मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आजही तिथे आहेत. मालदीवशी आपले नाते धर्माचे. मालदीव १९६५ मध्ये स्वतंत्र झाला आणि मॉरिशस १९६८ मध्ये. दोघांचीही सुरुवात गरिबीतून झाली.

मॉरिशसविषयी तर जाणकारांनी आशाच सोडली होती. अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ च्या अहवालात वाढती लोकसंख्या आणि एकट्या उसावरचे अवलंबित्व पाहून या बेटाचे भवितव्य अंधारातच रंगवले होते. याच मीड यांना पुढे १९७७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मॉरिशसपुरता त्यांचा अंदाज मात्र चुकला.

त्याचे एक मोठे कारण १९७५ च्या साखर करारात आहे. ब्रिटन युरोपीय समुदायात गेल्यावर त्याच्या जुन्या वसाहतींच्या साखरेचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला. ब्रिटनच्या शुद्धीकरण कारखान्यांना कच्ची साखर हवी होती आणि १९७४ मध्ये जगभर साखरेची टंचाई होती. म्हणून लोमे कराराबरोबर ठरले, की ठरावीक साखर युरोप दरवर्षी हमीभावाने घेईल. यात सर्वांत मोठा वाटा मॉरिशसला मिळाला, सुमारे ५ लाख टन. युरोपचा भाव बहुतेक वर्षे जागतिक बाजारापेक्षा बराच वर असे. याला कोणी परदेशी मदत म्हणत नव्हते, पण जादा भावाच्या रूपाने हातात पडणारा पैसा मदतीचाच होता. शिवाय तो दरवर्षी येणार याची खात्री होती.

मॉरिशसने त्या खात्रीचा उपयोग केला. १९७० मध्येच निर्यात उद्योगांसाठी कायदा झाला होता. साखरेतून सुटलेले भांडवल कापड गिरण्यांत आणि हॉटेलांत गेले. सरकारने साखरेवर निर्यात कर लावला आणि १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत केले. सगळे सुरळीत झाले असे नाही. साखरेची तेजी ओसरल्यावर कर्ज वाढले आणि १९७९ मध्ये नाणेनिधीच्या दारात जाऊन रुपयाचे मोठे अवमूल्यन करावे लागले. पण पाया टिकला.

मालदीवकडे विकायला ऊस नव्हता. मासळी होती आणि १९७२ पासून पर्यटक येऊ लागले. मदतही आली, पण कामाकामापुरती. आखाती देशांचा हात मालेच्या इस्लामिक सेंटरला लागला. भारताने इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय बांधले. १९८७ च्या प्रचंड लाटांनी माले बुडाल्यावर जपानने राजधानीभोवती समुद्रभिंत उभारून दिली. या मदतीला कमी लेखू नये. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत या भिंतीने मालेचे मोठे नुकसान टाळले. बाकीच्या बेटांना मात्र अशी भिंत नव्हती. देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळपास ६२ टक्के एवढे नुकसान एका सकाळीत झाले.

त्याच्या सहाच दिवस आधी, २० डिसेंबरला, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मालदीवला 'सर्वांत कमी विकसित' देशांच्या यादीतून बाहेर काढण्याचा निर्णय घेतला होता. त्सुनामीमुळे तो लांबला आणि २०११ मध्ये अमलात आला. यादीतून नाव जाणे ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. पण त्या नावावर युरोपात ट्यूना करमुक्त जात होता. ती सवलत २०१३ अखेर संपली आणि डबाबंद ट्यूनावर २४ टक्क्यांपर्यंत कर बसला. आपली परिस्थिती सुधारली की रेशनकार्डाचा रंग बदलतो, तसेच हे. पुढे चीनच्या पैशाने पूल आला, कर्ज वाढले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये भारताने ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांच्या चलन अदलाबदलीची सोय करून दिली.

मग मॉरिशसचा हमीभाव कायमचा होता का? नाही. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नेली. युरोपने साखरेचा भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवला आणि २००९ मध्ये करारच संपवला. देणाऱ्याची गरज संपली की हमीही संपते. पण तोवर ३४ वर्षे मिळाली होती. त्या काळात गिरण्या, हॉटेले, शाळा उभ्या राहिल्या होत्या. उसाच्या चिपाडापासून वीजही बनत होती. म्हणून धक्का बसला, पण देश कोसळला नाही.

मालदीवला कमी मिळाले आणि मॉरिशसला जास्त, एवढाच हा हिशेब नाही. दरडोई उत्पन्नात दोघेही आज आपल्या पुढे आहेत. फरक आहे तो मदत कशी आली याचा. संकटानंतर येणारी मदत जीव वाचवते, तिचे मोल मोठे आहे. पण तिच्या भरवशावर पुढच्या दहा वर्षांचा बेत आखता येत नाही. भावाची हमी असेल तर आखता येतो.

आपल्याकडेही १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. तिच्यात दोष होते, चुकारे रखडत, तोटा वाढत गेला. पण आपल्या मालाला ठरलेला भाव मिळेल, हा विचार तिच्या मुळाशी होता. ती गेली आणि काही वर्षांत पॅकेज आले. पुढच्या वेळी गावात मदतीची घोषणा होईल तेव्हा रक्कम किती, एवढेच विचारून थांबू नये. ती किती वर्षे येणार आणि ती बंद होईल तेव्हा आपल्या हाती काय उरलेले असेल, हेही विचारावे.