मग पुढं काय झालं?

गोष्ट सांगणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी पटकन सांगेन, "मग पुढं काय झालं?" जत तालुक्यात मास्तरकीत माझी हयात गेली. संख, उमदीकडची पोरं वर्गात असायची, त्यांच्या घरात कानडी. गोष्ट संपली की मराठी पोरं विचारायची "पुढं काय झालं?" आणि ही पोरं आपसात कुजबुजायची, "मुंदे एनायितु?" भाषा दोन, प्रश्न एकच. सिनेमाचा दुसरा भाग निघतो तो याच प्रश्नावर. पण हा प्रश्न दोन प्रकारचा असतो हे पुष्कळ निर्मात्यांच्या लक्षात येत नाही. एक म्हणजे, जे सुटलं नाही ते कोडं सोडवा. आणि दुसरा म्हणजे, ते एक माणूस तुम्ही कोपऱ्यात उभं केलं होतं, त्याचं काय झालं ते सांगा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण देतात. दुसऱ्याचं फार थोडे.

आता कुणी म्हणेल, मास्तर, हे दुसरे-तिसरे भाग म्हणजे आजकालचं फॅड. तसं नाही. आठव्या शतकात आपल्या विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीनं हे करून ठेवलंय. त्यानं आधी 'महावीरचरित' लिहिलं, त्यात रामाच्या राज्याभिषेकापर्यंतची कथा. मग 'उत्तररामचरित' लिहिलं, त्यात पुढची. या दुसऱ्या नाटकाच्या पहिल्याच अंकात लक्ष्मण राम-सीतेला चित्रं दाखवतो, त्यांच्याच मागच्या आयुष्याची. म्हणजे आपण ज्याला "मागील भागात आपण पाहिलं" म्हणतो तेच की हे! शिवाय त्या चित्रांतच जृंभकास्त्रांचा उल्लेख येतो आणि पुढं ती अस्त्रं लव वापरतो, तेव्हा हा पोरगा कुणाचा याचा धागा हाती लागतो. उजळणी करता करता पुढच्या उलगड्याचं बी पेरायचं, ही खरी कारागिरी.

त्या चित्रांत एक चित्र ऊर्मिलेचंही आहे. सीता थट्टेनं विचारते, ही कोण? लक्ष्मण लाजतो आणि विषय बदलून पुढच्या चित्राकडं वळतो. झालं, ऊर्मिला संपली. चौदा वर्षं जी मागं राहिली तिच्या वाट्याला दुसऱ्या भागातही एक चित्र आणि एक थट्टा. पुढं रवींद्रनाथांनी काव्यातल्या अशा उपेक्षितांवर निबंध लिहिला आणि मैथिलीशरण गुप्तांनी १९३१ च्या 'साकेत'मध्ये ऊर्मिलेला मध्यभागी आणलं. एका कच्च्या राहिलेल्या पात्राला न्याय मिळायला हजाराहून जास्त वर्षं लागली म्हणा की.

सिनेमाकडं येऊ. आपल्याकडच्या पहिल्या दुसऱ्या भागांत 'हंटरवाली की बेटी'चं नाव घेतात. वाडियांचा 'हंटरवाली' १९३५ चा. त्यात नादिया चाबूक घेऊन दुष्टांना झोडपत होती आणि तिच्या नावावर लोक थेटरात रांगा लावत होते. १९४३ मध्ये 'बेटी' आली. नावातच सगळा हिशेब आहे. चाललेलं नाणं पुन्हा बाजारात आणायचं, फक्त पिढी बदलायची. "हंटरवालीची मुलगी" एवढं म्हटलं की अर्धं काम झालं. हा नमुना लक्षात ठेवा, सत्तर वर्षांनी मराठीत तोच येणार आहे.

तो म्हणजे 'झपाटलेला'. महेश कोठारे यांचा हा सिनेमा १९९३ चा. आमच्याकडं सिनेमा म्हणजे यल्लमादेवीच्या यात्रेतला तंबू, नाहीतर गणपतीत रस्त्यावर लावलेला पडदा. पुढं जागा मिळाली नाही की लोक पडद्यामागं बसायचे आणि त्यांना सगळं उलटं दिसायचं, डावखुरा हिरो उजव्या हाताचा आणि पाट्या आरशातल्यासारख्या. तक्रार कुणाची नसायची. पुढं व्हिडिओ आला, मग केबल, आणि तात्या विंचू घराघरात पोचला. माझ्या वर्गात दोन वर्षं तरी एखादा बुटका, खोडकर पोरगा 'तात्या विंचू' याच नावानं ओळखला जायचा.

कथा तुम्हाला माहीत असेलच. तात्या विंचू हा गुंड. बाबा चमत्कारकडून मंत्र शिकतो, पोलिसांच्या गोळीनं मरता मरता आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो. तो बाहुला येतो भोळ्या लक्ष्याच्या हाती. आता बाहुल्याला माणसाचं शरीर पाहिजे, आणि ते लक्ष्याचंच पाहिजे. लक्ष्या ओरडून सांगतो की बाहुला जिवंत आहे, पण त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकन सिनेमाची छाया यावर आहे हे उघड आहे. पण तिथं बाहुला लहान पोराच्या मागं लागतो आणि इथं मोठ्या माणसाच्या, ज्याला गाव पोरासारखंच वागवतं. लक्ष्मीकांत बेर्डे यांनी ती घाबरगुंडी अशी उभी केली की हसताना पोट दुखावं आणि त्याच वेळी त्याची दयाही यावी.

दुसरं मराठीपण बाहुल्यात होतं. बोलका बाहुला ही आपल्याकडं जुनी गोष्ट. यशवंत पाध्ये यांचा अर्धवटराव १९१६ चा. त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी तात्या विंचूचा बाहुला घडवला आणि खेळवला, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. याच पाध्यांनी विष्णुदास भाव्यांच्या जुन्या लाकडी बाहुल्या दुरुस्त करून त्यांचा खेळ पुन्हा लोकांपुढं आणला. भावे म्हणजे आमच्या सांगलीचे, १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' करणारे. तात्या विंचूचं असं आमच्या जिल्ह्याशी लांबचं का होईना नातं निघतं!

पहिल्या भागात काय राहिलं होतं? बाहुला मेला तो भुवयांच्या मधोमध गोळी लागून, ते ठीक. पण मंत्र मेला का? मंत्र तर शब्दांचा, तो कुणालाही पाठ होऊ शकतो. हे कोडं तसंच राहिलं. आणि पात्रं म्हणाल तर गौरी आणि आवडी, दोघीही गाण्यापुरत्या आणि किंचाळण्यापुरत्या. त्यांना काय हवंय, त्या नसत्या तर कथेचं काय अडलं असतं, असं विचारलं तर उत्तर नाही. त्यामानानं मधू कांबीकर यांची लक्ष्याची आई जास्त खरी वाटते, कारण तिला पोराची काळजी आहे आणि काळजी असलेलं पात्र कधी पूर्ण कच्चं राहत नाही.

'झपाटलेला २' आला ७ जून २०१३ ला, म्हणजे वीस वर्षांनी, आणि थ्रीडीत. मधल्या काळात, १६ डिसेंबर २००४ ला, लक्ष्मीकांत बेर्डे गेले होते. सुटलेली कोडी परवडली, पण सुटून गेलेल्या माणसाचं काय करायचं? कोठाऱ्यांनी वाट काढली ती हंटरवालीचीच. लक्ष्याचा मुलगा आदित्य आणला, त्या भूमिकेत आदिनाथ कोठारे. आवाज प्रभावळकरांचा, बाहुला पाध्यांचा, इन्स्पेक्टर महेश जाधव म्हणून पुन्हा स्वतः महेश कोठारे, आणि मधू कांबीकरही. मंत्राचं कोडं न सोडवता वापरलं, विंचू पुन्हा जिवंत झाला. सोनाली कुलकर्णी आणि सई ताम्हणकर या दोन नावाजलेल्या नट्या घेतल्या, तरी कथेचा गाभा आदित्य आणि बाहुला यांच्यातच राहिला.

मला हा दुसरा भाग पहिल्याइतका का आवडला नाही, यावर मी बराच विचार केला. चष्मा लावल्यावर बाहुला अंगावर आल्यासारखा वाटतो, ते तंत्र मोठंच. पण पहिल्या भागात भीती कशाची होती? विंचवाची थोडी, आणि आपलं खरं बोलणं कुणी मानत नाही याची जास्त. ती लक्ष्याची भीती होती, आणि ती मुलाला वारशात देता येत नाही. बाहुला परत आणता आला, भोळेपणा आणता आला नाही. एक गोष्ट मात्र मी कोठाऱ्यांच्या बाजूनं सांगेन. लक्ष्याच्या जागी दुसरा लक्ष्या उभा केला नाही, ती जागा रिकामी ठेवून तिच्या शेजारी नवा माणूस बसवला. आता संगणकावर गेलेला नट हुबेहूब उभा करता येतो. तसं करणाऱ्यांनी हा विचार करावा. काही जागा रिकाम्या दिसण्यातच आदर असतो.

याच्या उलट उदाहरण 'मुंबई-पुणे-मुंबई'चं. २०१० च्या सतीश राजवाडेंच्या पहिल्या सिनेमात दोघांना नावंच नाहीत. घरची माणसंही पडद्यामागं. २०१५ च्या दुसऱ्या भागात ती दोघं गौतम आणि गौरी झाली, भोवती आई-वडील, आजी, नातेवाईक आले. पहिल्या भागाचा मोकळेपणा गेला हे खरं, पण जे माणूस कुणाचंच नव्हतं ते कुणाचं तरी झालं. रवी जाधवांच्या 'टाइमपास'नं २०१४ मध्ये दगडू-प्राजक्ताला वेगळं करून प्रेक्षकाला हुरहूर लावली आणि २०१५ मध्ये मोठा झालेला दगडू तिला शोधायला निघाला. तिथं कोडं सोपं होतं, भेटतील का नाही. पण मला उत्सुकता होती ती तिच्या कडक वडिलांची. वैभव मांगले यांचे लेले बदलणार का? कारण प्रेमाच्या गोष्टीत खरं बदलावं लागतं ते नाही म्हणणाऱ्याला.

तर सांगायचा मुद्दा असा. कोडं सोडवणं हे बुद्धीचं काम आहे, आणि कच्च्या पात्राकडं परत जाणं हे माणुसकीचं. मास्तरकीत हे रोज दिसायचं. आमच्या दुष्काळी तालुक्यात दिवाळीनंतर बाकं रिकामी व्हायची, आई-बापांबरोबर पोरं ऊसतोडीला जायची. काही परत यायची, काही नाही. पहिल्या बाकावरच्यांचं पुढं काय झालं ते आपोआप कळतं. ती पेढे घेऊन येतात, पेपरात फोटो येतो. शेवटच्या बाकावरच्यांचा दुसरा भाग कुणी काढत नाही. सातवीला एक मुलगी होती, वाचन अडखळत, पण गोष्ट ऐकताना डोळे मोठे करणारी. एका हंगामात गेली ती गेली. हजेरीपटावर तिच्या नावापुढं आधी गैरहजेरीची खूण होती, मग नुसती रेघ. आज ती पन्नाशीत असेल. तिलाही मुलं असतील, आणि ती कदाचित त्यांना गोष्टी सांगत असेल, मराठीत नाहीतर कानडीत.

म्हणून दुसरा भाग काढणाऱ्या पोरांना या म्हाताऱ्याचं एवढंच सांगणं. पटकथा लिहायच्या आधी पहिल्या भागाचा हजेरीपट काढा. कुणाच्या नावापुढं नुसती रेघ आहे ते बघा. विंचू काय, तो केव्हाही परत येतो. आवडीचं काय झालं, ते आधी सांगा.