भिंतीच्या आतली रेंज : एका केबलचा इतिहास



वाशीमचा इतिहास म्हटलं की आपण वाकाटकांपासून सुरुवात करतो, आणि ते बरोबरच आहे. वत्सगुल्म ही त्यांच्या एका शाखेची राजधानी. दुसऱ्या विंध्यशक्तीचा वाशीमचा ताम्रपट १९३९ साली उजेडात आला, आणि या शाखेच्या इतिहासाला भक्कम पुरावा मिळाला. राजाची आज्ञा गावापर्यंत पोचवायची आणि टिकवायची, तर ती तांब्यावर कोरून द्यावी लागे. आज आम्हीही तांब्याबद्दलच बोलणार आहोत. फक्त हे तांबं आपल्या डोक्यावरच्या छतात, भिंतीतल्या पायपात असतं, आणि त्याचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही.

विषय साधा आहे. टॉवर समोर दिसतो, खिडकीतून हात लांबवला तर जणू लागेल एवढा. फोन घेऊन तुम्ही इमारतीच्या आतल्या खोलीत जाता, रेकॉर्ड रूममध्ये, तळघरात, एक्स-रेच्या खोलीत, आणि रेंज गायब. मग ‘हॅलो, हॅलो’ करत जिन्यात या, नाहीतर थेट बाहेर. हे असं का होतं आणि त्यावर काय उपाय काढला गेला, हे आज पाहू.

सुरुवात १८९५ पासून करू. कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोसांनी एक प्रयोग दाखवला. एका बाजूला लहरी निर्माण केल्या, आणि मध्ये भिंती असूनही पलीकडे घंटा वाजली, बंदुकीची दारू पेटली. म्हणजे बघा, बिनतारी लहरींशी आपल्या देशाची जी पहिली गाजलेली गाठ पडली, तिच्यात भिंत होतीच. बरोबर शंभर वर्षांनी, ३१ जुलै १९९५ ला, त्याच शहरातून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला. या शंभर वर्षांत लहरी भिंतीतून जातात हे सगळ्यांना कळलं. किती कमी होऊन जातात, हे मात्र पुढच्या तीस वर्षांत कळायचं होतं.

आपल्या घरांना हा धडा आधी टीव्हीने दिला. १९८७-८८ चे रविवार आठवा. एक जण गच्चीवर अँटेना फिरवतोय, एक जण अंगणात, एक जण टीव्हीसमोर. ‘आलं का?’ ‘आलं, आलं... गेलं!’ या खेळात आपण एक गोष्ट न शिकवता शिकलो. लहर पकडायची उंचावर, उघड्यावर, आणि घरात आणायची ती तारेने. १९९० च्या दशकात खेड्यांतल्या सार्वजनिक टेलिफोनांसाठी एमएआरआर नावाची रेडिओ पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. तिचं तत्त्व हेच. बाहेर खांबावर अँटेना, तिथून केबल, आणि आत टेबलावर फोन. हे फोन वारंवार बंद पडत म्हणून पुढे त्यांच्या जागी डब्ल्यूएलएल आलं. पण आत बोलायचं असेल तर केबल आत न्यावी लागते, हे गावाला तेव्हाच माहीत होतं.

मोबाईल आला आणि आपण ते विसरलो. का, तर सुरुवातीला गरजच वाटली नाही. वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. बीएसएनएलची मोबाईल सेवा सुरू झाली २००२ मध्ये, आणि येणारा कॉल फुकट झाला मे २००३ पासून. तेव्हाच्या जीएसएम सेवेचं मुख्य काम ९०० मेगाहर्ट्झच्या आसपास चाले. ती लहर साधारण ३३ सेंटिमीटर लांब, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीपेक्षा किंचित मोठी. ती खिडकी-दारातून वळून आत येई. आणि बोलायचं तरी किती, दोन मिनिटं! ते ओट्यावर उभं राहून भागे.

मग दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या. पहिली म्हणजे घरं. वऱ्हाडात धाब्याची घरं होती, पांढऱ्या मातीची, जाड भिंतींची. आता कुणी म्हणेल, मातीच्या घरात रेंज चांगली यायची. तसं नाही हो. दोन-अडीच फूट जाडीची माती ही काही लहरींची मैत्रीण नव्हे, आणि पावसाळ्यात ओली झाली की आणखीनच नाही. पण त्या घरातलं जगणं ओसरीत आणि अंगणात होतं. त्यांच्या जागी सळईचं जाळं घातलेले स्लॅब आले, पत्रे आले, सरकारी आणि खाजगी इमारतींच्या दर्शनी भागाला ॲल्युमिनियमचे चकचकीत पॅनेल आले. धातू लहर परतवतो. पत्र्याचं छप्पर आणि पत्र्याचं शटर, म्हणजे लहरींपुरती बंद पेटीच.

दुसरी गोष्ट लहरींची. फोरजी २०१२ मध्ये कोलकाता आणि पुण्यात सुरू झालं, ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि डेटा घरोघर गेला. फोरजीचा मोठा भार १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर पडला. २३०० ची लहर १३ सेंटिमीटरची. जितकी वारंवारता जास्त, तितकी लहर साधारणपणे भिंतीत अधिक जिरते. ऑक्टोबर २०२२ पासूनच्या फाइव्हजीचा महत्त्वाचा पट्टा ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा, तो आणखी नाजूक. म्हणजे भिंती बंद होत गेल्या आणि लहरी नाजूक होत गेल्या. आणि नेमकं त्याच काळात आपलं सगळं काम फोनवर आलं.

आता तंत्राकडे येऊ. उपाय नवीन नाही. १९८७ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधल्या सालेह, रुस्टाको आणि रोमन या तिघांनी एक निबंध लिहिला. त्याचा सारांश असा, की इमारतीत एक मोठा अँटेना ओरडत ठेवण्यापेक्षा अनेक छोटे अँटेना ठिकठिकाणी कुजबुजत ठेवा. याला नाव पडलं डिस्ट्रिब्युटेड अँटेना सिस्टिम, तंत्रज्ञांच्या बोलीत ‘डास’. (हशा) हो, हा डास चावत नाही.

कल्पना करा, जिल्ह्याच्या गावात एक तीन मजली इमारत आहे. तिच्यात ही व्यवस्था कशी बसते? आम्ही ती पाटाच्या पाण्यावरून समजावतो, कारण इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांना पाट-चारी आमच्यापेक्षा जास्त कळते.

पाटाला धरण लागतं, तसा इथे सिग्नलचा उगम लागतो. तो कंपनीचा बेस स्टेशन संच असतो, एखाद्या खोलीत ठेवलेला. किंवा गच्चीवर टॉवरकडे तोंड केलेला अँटेना आणि खाली रिपीटर. उगमापासून निघते मुख्य केबल. तिला फीडर म्हणतात. मधोमध धातूची तार, भोवती फेसासारखा इन्सुलेटर, त्यावर वळ्यावळ्यांची तांब्याची नळी आणि वर काळं आवरण. मुख्य वाटेला सात-अष्टमांश इंचाची, फाट्यांना अर्ध्या इंचाची. टीव्हीची केबल ७५ ओहमची, ही ५० ओहमची. दिसायला भावंडं, पण एकाच्या जागी दुसरी चालत नाही.

पाटाचं पाणी जसं वाटेत मुरतं, तसा सिग्नल केबलमध्ये मुरतो. अर्ध्या इंचाच्या फीडरमध्ये २१०० मेगाहर्ट्झला शंभर मीटरमागे सुमारे ११ डेसिबल जातात. डेसिबलचा हिशेब सोपा आहे, दर तीन डेसिबलला ताकद निम्मी. म्हणजे साधारण २७ मीटर गेलं की निम्मं, आणखी २७ मीटर गेलं की पाव. घरच्या टीव्हीची केबल लावली तर दहा मीटरलाच निम्मं. म्हणून ‘केबल काय, कोणतीही चालते’ असं म्हणणाऱ्याला कामावर ठेवू नका.

आता वाटप. स्प्लिटर समान वाटे करतो. दोन तोंडांचा असेल तर दोघांना निम्मं-निम्मं. कपलर असमान वाटे करतो. फाट्याला थोडंसं देतो आणि बाकीचं पुढे सोडतो. दहा डेसिबलचा कपलर फाट्याला एक-दशांशच देतो. सगळीकडे स्प्लिटरच लावले तर काय होतं? उगमाजवळच्या खोलीत पूर, आणि टेलच्या शेतकऱ्याचं जे होतं तेच टोकाच्या खोलीचं. म्हणून चांगला आखणी करणारा टोकापासून उलटा हिशेब करत उगमाकडे येतो. शेवटच्या अँटेनाला किती हवं, मग त्याच्या आधीच्या कपलरने किती सोडायचं, असं करत.

टोकाला छतावर पांढरी, बशीएवढी टोपी दिसते. तो सर्व दिशांना लहर देणारा अँटेना. लांबट बोळात किंवा जिन्यात चपटा पॅनेल अँटेना. स्प्लिटरचं जे तोंड वापरात नाही, ते उघडं ठेवायचं नाही, त्यावर ५० ओहमची टोपी बसवायची. नाहीतर सिग्नल तिथून आपटून मागे येतो.

आणि लक्षात घ्या, हा पाट दोन्हीकडे वाहतो. टॉवरचं तुमच्याकडे येतं, तसं तुमच्या फोनचं क्षीण बोलणं त्याच केबलने परत जातं. त्यामुळे खरी परीक्षा जोडांची. कनेक्टरसाठी केबल सरळ कापावी लागते, तांब्याचा कीस आत राहता कामा नये, आटे पुरते बसावे लागतात. सैल किंवा गंजलेला जोड दोन सिग्नलांची सरमिसळ करून नवाच गोंगाट तयार करतो, आणि त्यात तुमचं बोलणं बुडतं. गच्चीवरच्या जोडाला आधी चिकट रबरी पट्टी, वर टेप, आणि केबल भिंतीत शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पाणी झोळावरून टपकून जातं, आत येत नाही. हे काम करणारी पोरं शिडीवर चढून बारा-बारा तास राबतात. इमारतीच्या कोनशिलेवर त्यांचं नाव नसतं.

इमारत मोठी झाली की तांबं पुरत नाही. मग सिग्नलचं प्रकाशात रूपांतर करून तो काचेच्या तंतूतून नेतात आणि मजल्यावर पुन्हा रेडिओ लहर करतात. हेच तत्त्व महाराष्ट्रात फार वेगळ्या कामाला आलं आहे. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, आणि प्रत्येकीने टिपलेला आकाशाचा सिग्नल तंतूतूनच मध्यवर्ती इमारतीत येतो. बोगद्यात आणखी एक प्रकार वापरतात, लीकी केबल. तिच्या बाहेरच्या तांब्याला मुद्दाम फटी पाडलेल्या असतात, ठिबकच्या नळीसारख्या. वाटभर थोडं थोडं झिरपत जातं.

इथपर्यंत सगळं तंत्र झालं. आता खरा प्रश्न. ही केबल टाकायची कुणी?

बाहेर टॉवर कंपनी उभारते, कारण एका टॉवरवर हजारो ग्राहक. आत मात्र मालक म्हणतो कंपनीने करावं, कंपनी म्हणते मालकाने जागा, वीज आणि वाट द्यावी. मुंबईची मेट्रो तीन घ्या. आरे ते कफ परेड, ३३.५ किलोमीटर. पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला तेव्हा भुयारात मोबाईलची बोंब होती, आणि वाद होता तो व्यवस्था कुणी उभारायची आणि पैसे कुणी मोजायचे याचा. मुंबईत हे होतं, तर वाशीमचं काय! ट्रायने जानेवारी २०१७ मध्ये शिफारस केली, की इमारतीतली व्यवस्था एकाच कंपनीची मक्तेदारी होऊ नये, सगळ्यांना वापरता यावी. ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीबद्दल तारांकन देण्याचे नियमही आले. दिशा बरोबर आहे. पण तारांकनाचा विचार आधी विमानतळ, मॉल आणि मोठ्या संकुलांच्या मनात येतो, उपकेंद्राच्या नाही.

मग लोक काय करतात? बाजारातून बूस्टर आणतात. कृपा करून आणू नका. परवाना असलेल्या कंपन्यांखेरीज कुणीही बूस्टर बाळगणं वा वापरणं बेकायदा आहे, हे दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. कारण समजून घ्या. गणपतीच्या मांडवात माईक स्पीकरसमोर नेला की शिट्टी वाजते ना? आतल्या अँटेनाचा सिग्नल बाहेरच्या अँटेनाने परत पकडला की बूस्टर तसाच शिट्टी मारतो, फक्त ती कानाला ऐकू येत नाही. एका दुकानाची रेंज वाढते आणि गल्लीची जाते.

आम्ही हा विषय इतिहासाच्या व्याख्यानमालेत का आणला, हे आता सांगतो. २०१८ मध्ये केंद्राने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत वाशीम आहे. इथे रेशनच्या दुकानात अंगठा मशीनवर उमटवावा लागतो, आणि तो जुळतो की नाही हे दूरच्या सर्व्हरवर ठरतं. दुकानात रेंज नसेल, तर मशीन ओट्यावर येतं आणि म्हातारी उन्हात. दवाखान्यातली नर्सताई नोंद भरायला व्हरांड्यात येते, तेवढा वेळ पेशंट आत एकटा. नकाशावर ते गाव ‘कव्हरेज आहे’ म्हणूनच दाखवलेलं असतं, कारण नकाशा घराबाहेर थांबतो. दाराच्या आतला इतिहास त्यात येत नाही. स्त्रिया, म्हातारे, आजारी माणसं, ज्यांचा दिवस आत जातो, त्यांनाच ही दरी सगळ्यात आधी भेटते.

म्हणून जाता जाता एक सांगणं. तुमच्या गावात ग्रामपंचायत, शाळा, उपकेंद्र, काहीही नवं बांधलं जात असेल, तर स्लॅब टाकण्याआधी ठेकेदाराला एक प्रश्न विचारा. गच्चीपासून प्रत्येक खोलीपर्यंत एक रिकामा पाइप सोडला आहे का? पाइपाला त्या दिवशी फारसा खर्च येत नाही. नंतर स्लॅब फोडावा लागतो, आणि फोडलेला स्लॅब गळतो, हे वेगळं सांगायला नको. केबल आज येईल, पाच वर्षांनी येईल, तांब्याची असेल, काचेची असेल. तिला वाट तरी असू द्या.

आणि तुमच्यापैकी कुणी पूर्वी टेलिफोन खात्यात लाइनमन असेल, कुणी गच्चीवर फीडर ओढला असेल, तर व्याख्यानानंतर थांबा. आम्हाला तुमच्याकडून लिहून घ्यायचं आहे.